१९७७ ची रात्र, पणजीत: साउंड झक्कास, हिशेबात एक बाई कमी

आधीच सांगते, जागेचं नाव लिहिणार नाही. लिहिलं असतं, पण पुढे जरा तक्रारी आहेत आणि चालवणारी पोरं मनाने चांगली आहेत, उगाच कुणाच्या धंद्यावर पाय नको. पणजीत मळ्याच्या बाजूला एक जुनं घर, वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन, खिडक्यांना त्या शिंपल्यांच्या काचा, आणि जिना असा की उतरताना रेलिंग धरावंच लागतं. जे गेलेत ते ओळखतील.

तिथे महिन्यातून एक शनिवार असतो, एका वर्षाचा. म्हणजे एक वर्ष निवडायचं आणि त्या वर्षी जगात गाण्यात काय काय घडलं ते रेकॉर्ड लावून ऐकवायचं, मध्येमध्ये एक मुलगा माईकवर गोष्टी सांगतो, मागे भिंतीवर फोटो. तिकीट माणशी ८५०, त्यात एक ड्रिंक आणि दोन प्लेट खाणं. आम्ही गेलो ती ऑगस्टातली, वर्ष होतं १९७७. मी, नवरा आणि माझा मामा. मामाला नेण्याचं कारण म्हणजे १९७७ साली तो वीस वर्षांचा होता आणि पुढे चाळीस वर्षं त्याने फोंड्याला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे म्हटलं याला आवडेल. नवरा म्हणाला तीन तिकिटं म्हणजे अडीच हजार, त्यात घरी महिनाभराचं मासळीचं बजेट निघतं. मी म्हटलं श्रावण आहे, मासळी नाहीच आहे.

पार्किंगचं विचारू नका. आत शिरायलाच जागा नाही, गाडी पाटोला पे-पार्किंगमध्ये लावून पावसात चालत आलो, मामाचं धोतर नाही पण पँट गुडघ्यापर्यंत भिजली. वर गेल्यावर मात्र एका मुलीने न मागता टॉवेल आणून दिला. याचे मी पूर्ण मार्क देते, असा टॉवेल मला पाचतारांकित हॉटेलातसुद्धा कुणी दिलेला नाही.

आता साउंड. दोन मोठे जुने स्पीकर, लाकडी कॅबिनेटचे, मध्ये टर्नटेबल दोन. सुरुवात केली फ्लीटवूड मॅकच्या 'रूमर्स'ने, जो ४ फेब्रुवारी १९७७ ला आला. पोराने गोष्ट छान सांगितली, की बँडमध्ये पाच माणसं, त्यातलं एक जोडपं घटस्फोट घेत होतं, दुसरं जोडपं तुटलं होतं, पाचव्याचं घरी वाजलं होतं, आणि हे सगळे एकाच स्टुडिओत बसून एकमेकांवर लिहिलेली गाणी एकमेकांना वाजवायला लावत होते. तो आल्बम अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या नंबरवर राहिला. माझ्या नवऱ्याने इथे मला कोपर मारून म्हटलं आपल्याकडे घरात भांडण झालं की टीव्हीचा आवाज वाढवतात, यांनी आल्बम काढला.

पण. गाण्याच्या मागे सतत एक घुर्रर्र. भुंगा डब्यात अडकल्यासारखा. गाणं मोठं असेल तेव्हा कळत नाही, दोन गाण्यांच्या मध्ये मात्र फक्त तोच. मी आजूबाजूला बघितलं, लोक डोळे मिटून माना डोलावतायत. मग मुलाने माईकवर सांगितलं की व्हिनाइलला जो वॉर्म साउंड असतो ना तो डिजिटलमध्ये मिळत नाही. मामाने माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "बाये, हा वॉर्म साउंड न्हय, ह्याचं अर्थिंग सुटलंय."

मी म्हटलं मामा बस, आपण गिऱ्हाईक आहोत. तो बसला दहा मिनिटं. मग टॉयलेटला जातो म्हणून उठला आणि सरळ काउंटरच्या मागे. मला लाज वाटून मी ग्लासात बघत बसले. तिथे त्याने काय केलं ते नंतर बघितलं म्हणून सांगते, टर्नटेबलच्या मागून दोन ऑडिओ वायर निघतात, लाल आणि पांढरी, आणि त्यांच्याबरोबर एक बारीक तिसरी वायर असते, टोकाला इंग्रजी यू सारखी पत्री. ती अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, मागे एका छोट्या स्क्रूखाली दाबायची असते. ती वायर त्यांची लोंबत होती. स्क्रूची मुंडी गुळगुळीत झालेली, बोटाने फिरेना, मामाने खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, मुंडीवरच्या खाचेत घातलं, अर्धा फेरा. घुर्रर्र बंद. एवढी शांतता झाली की खाली रस्त्यावर कुणीतरी रिव्हर्स घेतंय ते ऐकू आलं. मुलाने मामाला हात जोडले आणि म्हणाला अंकल सहा महिने आम्ही केबल बदलतोय. सहा महिने! ८५० च्या हिशेबाने तुम्हीच बघा किती लोकांनी भुंगा ऐकला. मामाला एक बिअर फ्री देत होते, श्रावण म्हणून त्याने लिंबूसोडा घेतला.

त्यानंतर मात्र साउंड असा होता की मी खरंच दुसरी तक्रार करू शकत नाही. डोना समरचं 'आय फील लव्ह' लावलं आणि पोटात ढोल वाजल्यासारखं झालं. हे गाणं मी हजारदा ऐकलंय, शॅकवर, लग्नात, पण त्यामागचं काम त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जॉर्जो मोरोडेर आणि पीट बेलॉट यांनी जवळजवळ अख्खं गाणं मूग सिंथेसायझरवर उभं केलं, ना गिटार ना व्हायोलिन, फक्त पायातला तो बास ड्रम माणसाने वाजवला कारण मशीनला तसा दणका जमत नव्हता. १९७७ मध्ये हे ऐकून लोकांना काय वाटलं असेल! संगीतकार ब्रायन ईनो म्हणे रेकॉर्ड घेऊन गायक डेव्हिड बोवीकडे धावत गेला, की हे घे, भविष्य सापडलं. ते भविष्य पुढे फिरत फिरत आपल्या हणजुण्याला (अंजुना बीचवर) येऊन माडांखाली रात्रभर वाजलं आणि गावातल्यांची झोप उडाली हे मुलाने सांगितलं आणि सगळे हसले. ही गोव्याची जोड चांगली होती. त्या संध्याकाळी त्याने स्वतःहून लावलेली एकुलती एक.

खाण्याबद्दल एकदाच सांगून टाकते. नवऱ्याने चोरिस-पाव, म्हणजे गोव्याचं सॉसेज आणि पाव, घेतला (त्याला श्रावण नाही, त्याला काहीच नाही), पाव ताजा होता, पोदेराकडचा, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचा, वर कडक आत मऊ, चोरिस तिखट आणि आंबट, झकास. आम्हा दोघांना व्हेजमध्ये काय? पनीर टिक्का आणि फ्रेंच फ्राईज. गोव्यात, श्रावणात, पनीर टिक्का! अरे बाबांनो खतखतें करा, मुगाची गाठी करा, काही नाही तर मिरसांगेची भजी तरी तळा, बाहेर एवढा पाऊस. ड्रिंकमध्ये '१९७७ स्पेशल' म्हणून थम्स-अप घातलेली रम. यामागे डोकं आहे हे मान्य, जनता सरकारच्या काळात कोकाकोला देश सोडून गेलं आणि थम्स-अप त्याच वर्षी बाजारात आलं, सरकारी कोला निघाला त्याचं नावच डबल सेव्हन. पण रम एवढी कमी की श्रावणात मामाने प्यायली असती तरी चाललं असतं.

मग आले एल्व्हिसवर. १६ ऑगस्ट १९७७, मेम्फिस, ग्रेसलँड, वय फक्त ४२. मुलगा इथे थोडा भावुक झाला, शेवटचा कार्यक्रम २६ जूनला इंडियानापोलिसला झाला वगैरे सांगितलं, आणि एक संथ गाणं लावलं. लोक शांत. आणि बरोबर तेव्हा लाईट गेली. आता मजा अशी की अँप त्यांचा इन्व्हर्टरवर होता पण टर्नटेबल थेट लाईटवर. त्यामुळे आवाज बंद नाही झाला, तबकडी हळू हळू मंदावत गेली आणि एल्व्हिसचा आवाज खाली खाली खाली, आधी जाड, मग म्हशीसारखा, मग एक लांब हुंकार, आणि थांबला. अंधारात मामा शांतपणे म्हणाला, "गेला." पूर्ण हॉल फुटला. पावसाळ्यात पणजीत लाईट जाणारच, त्यात त्यांचा दोष काही नाही, जनरेटर चार मिनिटांत आला, पण टर्नटेबल पण इन्व्हर्टरवर घ्या की, किती वॅट खातो तो, मामा म्हणतो एका बल्बाएवढं.

पंकचा भाग मला स्वतःला कंटाळवाणा वाटला, गाण्यापेक्षा भानगडीच जास्त. तरी एक गोष्ट लक्षात राहिली. सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन' राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर २७ मे ला आलं, बीबीसीने वाजवायला नकार दिला तरी दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, आणि ७ जूनला ही मंडळी टेम्स नदीत बोट भाड्याने घेऊन पार्लमेंटसमोर वाजवायला गेली, पोलीस चढले आणि काही जणांना उचललं. आपल्याकडे मांडवीत क्रूझवर रोज रात्री जे वाजतं त्यासाठी कुणालाच उचलत नाहीत, हा नवऱ्याचा मुद्दा, मी फक्त नोंदवते. बॉब मार्लीचं 'एक्झोडस' एका गाण्यात उरकलं, ते खटकलं. माणसावर घरात घुसून गोळ्या झाडल्या, जमेका सोडून लंडनला आला आणि तिथे तो आल्बम केला, त्याला अर्धा तास द्यायला हवा होता.

बी जीजवर मात्र मस्त वेळ दिला. 'स्टेइंग अलाइव्ह' करताना त्यांच्या ड्रमरला घरच्या आजारपणामुळे जावं लागलं, मग यांनी 'नाइट फिव्हर'च्या टेपमधून ड्रमच्या ठेक्याची दोन आवर्तनं कापली, त्या टेपचं वेटोळं करून दोन्ही टोकं चिकटवली आणि तेच गोल गोल फिरवत राहिले. म्हणून ते गाणं एवढं अढळ चालतं, त्यात माणूस थकतच नाही. मामा एकदम ताठ बसला. म्हणाला आम्ही पण टेप चिकटवायचो, ब्लेडने तिरका काप द्यायचा, सरळ कापली तर टक्क वाजतं. पुढच्या टेबलावरची दिल्लीची की गुरगावची पोरं होती ती वळून ऐकायला लागली आणि मामाने त्यांना सुपारीच्या डबीवर बोटाने रेघ मारून तिरका काप म्हणजे किती तिरका ते दाखवलं. खरं सांगू, त्या पाच मिनिटांत त्या पोरांना जेवढी मजा आली तेवढी भिंतीवरच्या फोटोंनी आली नसेल.

मग 'आता थोडं बॉलिवूड' असं म्हणून मुलाने हिंदी घेतलं. थोडं म्हणजे किती? दोन गाणी. वर्ष १९७७! मार्चमध्ये आणीबाणी उठली, त्या काळात आकाशवाणीवर किशोरकुमारची गाणी बंद केलेली होती, ती परत सुरू झाली, मामा सांगतो की पहिल्यांदा रेडिओवर किशोर लागला तेव्हा त्याच्या शेजारच्या न्हाव्याने अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून आवाज वाढवला. 'हम किसीसे कम नहीं' त्याच वर्षीचा, पंचमचं संगीत, त्यातलं 'क्या हुआ तेरा वादा' रफीसाहेबांना राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेलं, आणि हे अशा वेळी की गेली सात-आठ वर्षं लोक म्हणत होते रफी संपले. यातलं काही सांगितलं नाही. एक लावलं 'बचना ऐ हसीनों', नाचायला, आणि दुसरं 'अमर अकबर अँथनी'मधलं 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस'. भिंतीवर अमिताभचा तो ईस्टरच्या अंड्यातून बाहेर येतानाचा फोटो, सगळे हसले, आणि मुलगा म्हणाला की गोवन कॅरेक्टर हवं होतं म्हणून एक टिपिकल गोवन नाव घेतलं.

इथे मी स्वतः हात वर केला. मामाने नाही, मी. कारण हे मला माहीत आहे आणि गोव्यात बसून, माजोर्ड्यापासून तासाभराच्या अंतरावर, हे असं ऐकून घेववत नाही. अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस, माजोर्ड्याचा, व्हायोलिनवादक, मुंबईत चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, अरेंजमेंट करायचा, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींना व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. सिनेमात हिरोचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं असं सांगतात, प्यारेलालजींनी गुरूचं नाव सुचवलं. १९५८ ला मुंबईत त्या माणसाने भारतीय रागांवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, १९६५ ला सगळं सोडून अमेरिकेला गेला, नंतर परत येऊन गावात शांतपणे राहिला आणि २०१२ ला वारला. आणि तो काही एकटा नव्हे, त्या काळी चाल गुणगुणणारा संगीतकार एका बाजूला आणि ते ऐकून कागदावर नोटेशन लिहिणारा गोयकार दुसऱ्या बाजूला असा तो सगळा कारखाना चालायचा, कारण चर्चच्या शाळेत आमच्याकडे पोरांना वाचता येण्याआधी स्वरलिपी वाचता यायची. मी एवढं सगळं नाही बोलले, माईकवर घशाला कोरड पडली, पहिली दोनच वाक्यं बोलले. मुलगा म्हणाला, अरे वा, इंटरेस्टिंग. आणि पुढची स्लाइड.

(त्याच सिनेमात लता, रफी, किशोर आणि मुकेश हे चौघे एकाच गाण्यात आहेत, 'हमको तुमसे हो गया है प्यार', आणि सिनेमा लागला २७ मे १९७७ ला, तोवर मुकेश जाऊन नऊ महिने झाले होते. पिस्टल्सचं गाणं आलं तोच दिवस. तिकडे राणीला शिव्या, इकडे चौघांचं प्रेमगीत. ही जोडी मुलाला आयती मिळाली असती.)

आता मुख्य गोष्ट. शेवटचा भाग होता व्हॉयेजरचा. मला वाटलं आता येणार. भिंतीवर सोन्याची तबकडी. मुलगा सांगतोय, नासाने १९७७ मध्ये दोन यानं सोडली, व्हॉयेजर दोन आधी २० ऑगस्टला, म्हणजे एल्व्हिस जाऊन चार दिवस, आणि व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला. दोन्हींवर एकेक तांब्याची तबकडी, सोन्याचा मुलामा, कार्ल सेगनच्या कमिटीने निवडलेलं जगातलं संगीत, एकूण २७ तुकडे, दीड तासाचं. फिरण्याचा वेग मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश. मामा पुटपुटला, आमच्या गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअरला १६ चा खटका होता, कधी कुणी वापरला नाही, तो ह्यासाठी होता तर. मुलाने सांगितलं त्यात चक बेरीचं 'जॉनी बी गुड' आहे, ते लावलं, लोक उठून नाचले. गाणं संपलं. मी वाट बघतेय.

आणि तो म्हणाला, सप्टेंबर १९७७ हा संगीतासाठी वाईट महिना होता, १६ सप्टेंबर या एकाच दिवशी जगाने दोन आवाज गमावले, लंडनला टी रेक्सचा मार्क बोलन, गाडी झाडाला आपटून, तिशी गाठायला दोन आठवडे बाकी असताना, आणि पॅरिसला मारिया कॅलस. दोघांचे फोटो.

मामा बसल्या जागेवरून म्हणाला, "तीन."

मुलाला कळलं नाही. मामा परत म्हणाला, "दोन न्हय. तीन."

मग मामाने उभं राहून, मराठी-हिंदी-इंग्लिश सगळं मिसळून सांगितलं की त्याच दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ ला, मुंबईत केसरबाई केरकर गेल्या. फोंड्याच्या केरीच्या. वय ८५. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर घराणं, सूरश्री. आणि तुम्ही आत्ता जी सोन्याची प्लेट दाखवली ना, त्यावर भारतातलं जे एकमेव गाणं आहे ते ह्या बाईचं आहे, भैरवी, 'जात कहाँ हो'. ५ तारखेला यान सुटलं, अकराव्या दिवशी बाई गेल्या. तुमचा चक बेरी ज्या तबकडीवर आहे त्याच तबकडीवर. आणि तुम्ही ज्या गावात बसून हे सांगताय तिथून तिचं गाव तीस-पस्तीस किलोमीटर.

मुलगा म्हणाला, सर, ॲक्च्युअली आम्ही पॉप्युलर म्युझिक घेतो, क्लासिकल आमच्या स्कोपमध्ये नाही. मग मारिया कॅलस काय पॉप होती? हे मी मनात म्हटलं, नवऱ्याने मोठ्याने म्हटलं. ऑपेरा चालतो, भैरवी चालत नाही. मुलगा लाल झाला. त्याच्यावर फार राग नाही माझा, त्याने जे वाचलं ते इंग्रजीत वाचलं, तिथे वर्षाची यादी ज्यांनी केली त्यांच्या यादीत जे होतं ते त्याने आणलं. पण बाबा, तू तिकीट पणजीत विकतोयस ना. तुझ्या खिडकीतून कदंबाची फोंड्याची बस दिसते.

त्याच्या बाजूने एक सांगायलाच हवं, त्याने टाळलं नाही. तिथल्या तिथे फोनवर शोधलं, ब्लूटूथ जोडलं आणि लावलं. आधी एक जाहिरात, कसल्याशा कर्जाच्या ॲपची, त्या दोन मोठ्या स्पीकरवर दणाणली. मग तंबोरा. मग त्या. साडेतीन मिनिटं.

मला लिहायला आवडलं असतं की हॉलमध्ये सुई पडली तरी ऐकू आली असती वगैरे. तसं काही नाही झालं. अर्धे लोक ऐकत होते, एक जोडपं बिअर आणायला उठलं, गुरगावच्या पोरांपैकी एकाने हळूच विचारलं हे कोंकणी आहे का, एक बाई रील काढत होती (फोन वापरू नये अशी पाटी आहे, कुणी पाळत नाही, तेही सुधारा). आणि फोनवरचं जुनं रेकॉर्डिंग, त्यात खरखर. पण तो आवाज! खालच्या षड्जाला असा रुंद, पुरुषासारखा म्हणवेल एवढा, आणि वर चढताना कुठेही बारीक होत नाही, तेवढाच जाड वर जातो. कुठेही लाडिकपणा नाही. मी लहानपणापासून केसरबाईंचं नाव ऐकतेय, पणजीत त्यांच्या नावाचा संगीत समारोह होतो त्याला आई न्यायची आणि मी तिथे झोपायचे, केरीला त्यांच्या नावाची शाळा आहे, पण एवढ्या मोठ्या स्पीकरवर, एवढ्या आवाजात, त्यांनाच कधी ऐकलं नव्हतं. मामा उभाच होता गाणं संपेपर्यंत. रेडिओला आणि रेकॉर्डिंगला त्या बाई फार भीक घालत नसत असं जुने लोक सांगतात, आणि त्यांचाच आवाज आज पृथ्वीपासून अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास पोचलाय.

त्याच तबकडीवर मराठीतून नमस्कारसुद्धा आहे, ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये. तेही मी सांगितलं, एव्हाना मला पण जोर चढला होता. गुरगावच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

असो. जायचं का? माझं मत, जा. साउंडसाठी जाच, आता तर अर्थिंग पण लागलंय. पाचपैकी साडेतीन देते, खाण्याचा अर्धा कापला, हिशेबातल्या बाईचा एक. काउंटरच्या डाव्या बाजूचं टेबल घेऊ नका, एसीचं पाणी गळतं, भिंतीकडचं गोल टेबल सगळ्यात बरं, दोन्ही स्पीकर सारखे येतात. बुकिंग फोनवरच करा, मेसेजला उत्तर देत नाहीत. सव्वासात म्हणतात आणि आठला सुरू करतात, तेव्हा पळत जाऊन भिजू नका. निघताना जिना जपून.

निघताना मुलगा खाली गाडीपर्यंत छत्री घेऊन आला. मामाला विचारत होता की अंकल, तुमच्याकडे त्या वर्षीच्या मराठी रेकॉर्ड आहेत का, आम्ही १९७७ परत करू, नीट करू. मामाकडे 'जैत रे जैत' आहे, १९७७ चीच, हृदयनाथांचं संगीत, महानोरांचे शब्द, त्यातलं आशाबाईंचं 'नभ उतरू आलं' तो पाऊस लागला की लावतो, आणि मंगेशकरांचं मंगेशी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, म्हणजे तीही जोड आलीच. मुलाचे डोळे चमकले. म्हणाला, देता का, आम्ही सांभाळू.

मामाने गाडीत बसून काच खाली केली. म्हणाला देणार नाही. घेऊन येईन, माझ्या हाताने लावीन, संपली की पिशवीत घालून परत नेईन. आणि तिकीट भरणार नाही.

मुलगा लगेच हो म्हणाला. मामा म्हणाला, "आनी भजी कर. पनीर नाका."

बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मामा नवऱ्याला फोनवर ते परत शोधायला लावत होता, जाहिरातीशिवाय मिळतंय का बघ म्हणून.